नंबर ९६

मुनिरका गावातल्या त्या बरसातीच्या भिंतीवर आमचा स्वतःचा एक चार्ट होता. बरसाती म्हणजे दिल्लीत गच्चीवर बांधलेली एक खोली. उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात बर्फाची पेटी. २०१३ ते २०१६ अशी तीन वर्षं आम्ही तिघं तिथे राहिलो. मी वाईचा, इतिहासात एम. फिल. करणारा. दुसरा शिलाँगचा, माझ्याच वयाचा, भाषाशास्त्राचा. तिसरे नागपूरचे दादा, आमच्याहून चार वर्षांनी मोठे, अर्थशास्त्रात पीएच.डी. करणारे आणि त्यामुळे आकडा असल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारे. रात्री जेएनयूच्या गंगा ढाब्यावरून परत आलो की वाद सुरू व्हायचा: सर्वांत मोठा बँड कोणता?

चार्ट दादांनीच सुरू केला. भिंतीवर स्केचपेनने उभे रकाने: बँड, वर्ष, अमेरिकेतला क्रमांक, इंग्लंडमधला क्रमांक, विक्री. आकडा नसेल तर ती भक्ती झाली, असं त्यांचं म्हणणं. शिलाँगवाला भक्तच होता. त्याच्या गावात लू माजाव १९७२ पासून दरवर्षी २४ मे रोजी बॉब डिलनचा वाढदिवस गाण्यांनी साजरा करतात. अशा गावातल्या माणसाला रकाने दाखवून काय होणार? आणि मी क्वीनचा. कारण उघड आहे. वाईहून पसरणीचा घाट चढला की पाचगणी, आणि तिथल्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बलसारा नावाच्या मुलाने 'हेक्टिक्स' या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवला होता. पुढे तो फ्रेडी मर्क्युरी झाला. मी त्या शाळेच्या फाटकावरून एसटीने शेकडो वेळा गेलो असेन, आणि हे मला कळलं ते दिल्लीत आल्यावर. कळल्यावर मात्र मी ते कोणालाच विसरू दिलं नाही.

गंमत अशी की दादांचे आकडे दादांनाच दगा देत. लेड झेपेलिनचा चौथा अल्बम अमेरिकेत कधीच पहिला आला नाही, दुसऱ्यावर थांबला. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलची पाच सिंगल्स अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचली आणि एकही पहिलं आलं नाही. पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून' इंग्लंडमध्ये दुसरा, अमेरिकेत पहिला, पण तोही १९७३ मध्ये फक्त एक आठवडा. मात्र १९८८ पर्यंत अमेरिकेच्या यादीत तो ७४१ आठवडे होता. आता मोठा कोण? एक आठवडा अव्वल असलेला, की ७४१ आठवडे कुठेतरी मध्ये उभा राहिलेला? 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चं तर आणखी विचित्र. १९७५-७६ मध्ये इंग्लंडात नऊ आठवडे पहिलं, अमेरिकेत नववं. १९९१ च्या नोव्हेंबरात मर्क्युरी गेला आणि गाणं इंग्लंडात पुन्हा पहिलं आलं. १९९२ मध्ये एका विनोदी चित्रपटात वाजलं म्हणून अमेरिकेत दुसरं. सोळा वर्षांत गाण्यातला एक सूरही बदलला नव्हता.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशा वेळी एकच प्रश्न सुचतो: हा आकडा लिहिला कोणी? दप्तरखान्यात बसल्यावर महसुलाच्या आकड्याआधी तो लिहिणारा कारकून कोण होता ते आपण बघतो. तसंच इथे. १९९१ पर्यंत बिलबोर्डचा अल्बम-चार्ट दुकानदारांना विचारून बनत असे: या आठवड्यात काय खपलं? दुकानदार आठवून सांगे, कधी त्याला आवडलेलं सांगे, कधी कंपनीच्या माणसाने सुचवलेलं. मे १९९१ मध्ये बारकोडवरून प्रत्यक्ष विक्री मोजायला सुरुवात झाली आणि यादी रातोरात पालटली. ऑगस्टमध्ये मेटालिकाचा काळ्या वेष्टनाचा अल्बम आला तो थेट पहिल्या क्रमांकावर. दुकानदारांच्या आठवणीत मेटल आणि कंट्री संगीत घेणारी गिऱ्हाइकं आजवर कमीच राहत होती. त्याच सुमारास दुसराही नियम आला. जुने अल्बम मुख्य यादीतून काढून वेगळ्या यादीत टाकले गेले. म्हणून जून २००९ मध्ये मायकल जॅक्सन गेला तेव्हा त्या देशात सर्वांत जास्त त्याच्या जुन्या रेकॉर्डी खपत होत्या, आणि मुख्य यादीत त्यांचा पत्ता नव्हता. त्या वर्षाच्या अखेरीस नियम बदलावा लागला.

हे सगळं मी एका रात्री मांडलं तेव्हा दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या बिनाकासारखंच."

ते खरंच होतं. आमच्या घरी वडिलांच्या पिढीला चार्ट म्हणजे 'बिनाका गीतमाला', आणि क्रमांक म्हणजे अमीन सयानींची 'पायदान'. रेकॉर्डींची विक्री, श्रोत्यांची पत्रं, श्रोता संघांची पसंती असं सगळं मिळून ती उतरंड ठरे. आणि हा कार्यक्रम भारताचा असून वाजे कोलंबोहून, रेडिओ सिलोनवर, कारण १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांना चित्रपटगीतं आकाशवाणीच्या लायकीची वाटत नव्हती. दिल्लीत बसून एका मराठी माणसाने देशाला शास्त्रीय संगीत ऐकवायचं ठरवलं आणि देशाने काटा फिरवून सिलोन लावलं. दिल्लीच्या मराठी मंडळींच्या मोठेपणाच्या यादीत केसकरांचं नाव अभिमानाने घेतलं जातं. शास्त्रीय गायक-वादकांना त्यांनी दिलेला आधार पाहता ते योग्यही आहे. पण देशातल्या पहिल्या मोठ्या चार्टचे नकळत जनकही तेच, हे कोणी म्हणत नाही.

पाश्चात्त्य रॉकला आपल्याकडे तेवढीही पायदान नव्हती. रेकॉर्डी येत त्या बहुतेक ग्रामोफोन कंपनीच्या दमदमच्या कारखान्यात छापलेल्या, तिकडच्यापेक्षा उशिरा, आणि कंपनीला जमतील तेवढ्याच. आयात महाग आणि परवान्यांत अडकलेली. त्यामुळे आपल्याकडे मोठा बँड म्हणजे ज्याची रेकॉर्ड मिळते तो. आणि इथे आमच्या भिंतीवर एक नाव आलं जे बँडचं नव्हतंच.

भास्कर मेनन. जन्म तिरुवनंतपुरमचा, कॉलेज दिल्लीचं सेंट स्टीफन्स, नंतर ऑक्सफर्ड. १९५६ मध्ये ईएमआयमध्ये आणि मग ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाच्या प्रमुखपदी. १९७१ मध्ये त्यांना अमेरिकेत कॅपिटल रेकॉर्ड्स सावरायला पाठवलं गेलं. पिंक फ्लॉइड तेव्हा अमेरिकेतली कंपनी बदलायच्या बेतात होता; 'डार्क साइड' ही कॅपिटलच्या हातची शेवटची संधी. मेनननी त्या रेकॉर्डीमागे कंपनीची सगळी ताकद लावली. तो एक आठवडा अव्वल आला त्यात संगीताइतकाच या माणसाचाही हात होता, आणि बँडच्या निक मेसनने ते पुढे मान्य केलं आहे. दादा हे वाचून इतके खूश झाले की रकान्यांत 'विक्री विभाग' असा आणखी एक रकाना वाढला.

माझं लक्ष मात्र मेननांच्या आधीच्या नोकरीकडे गेलं. कारण जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन मुंबईत ध्वनिमुद्रणाला आला तेव्हा इथे कंपनीचे प्रमुख तेच होते.

दीड वर्ष आधी, जुलै १९६६ मध्ये, मनिलाहून परतताना बीटल्स दिल्लीत उतरले होते आणि कनॉट प्लेसच्या रिखी रामच्या दुकानातून वाद्यं घेऊन गेले होते. ते दुकान आजही आहे. आम्ही एकदा काचेतून बघून आलो, आत जायचं धाडस झालं नाही. १९६८ चा प्रवास वेगळा होता. हॅरिसनला 'वंडरवॉल' नावाच्या चित्रपटासाठी संगीत करायचं होतं. फोर्टात फिरोजशाह मेहता रोडवर, कचेऱ्यांच्या डोक्यावर, एचएमव्हीचा स्टुडिओ होता. ध्वनिरोधनाचा पत्ता नाही. हॅरिसनने पुढे सांगितलं आहे की नीट ऐकलं तर काही तुकड्यांत रस्त्यावरच्या टॅक्सी ऐकू येतात, आणि साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरच्या पावलांपायी काम थांबवावं लागे. मेनननी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं यंत्र आणवलं असं सांगतात. हॅरिसनच्या आठवणीत मात्र तिथे एक जुनं मोनो यंत्र होतं. दोन साक्षीदार, दोन यंत्रं. माझ्या विषयात असं रोजच घडतं, त्यामुळे मला ते आवडलं.

चित्रपटाचं काम झाल्यावर वेळ उरला. त्याच वादकांना घेऊन त्याने आणखी एक चाल वाजवून घेतली. ती फीत घेऊन तो लंडनला गेला, फेब्रुवारीत तिच्यावर आवाज चढवला, शब्द ताओ ते चिंगवर आधारलेले. 'द इनर लाइट' हे गाणं मार्चमध्ये 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला छापलं गेलं. पुढची बाजू इंग्लंडात पहिली, अमेरिकेत चौथी. आणि मागची बाजू?

मागची बाजू अमेरिकेच्या हॉट १०० मध्ये एक आठवडा होती. क्रमांक ९६.

हा आकडा सापडला त्या रात्री शिलाँगवाल्याने मला झोपेतून उठवलं. फोर्टातल्या टॅक्सींमध्ये, साडेपाचच्या आत वाजवलेली सरोद, शहनाई, बासरी, पखावज आणि पेटी अमेरिकेच्या चार्टवर! दादांनी अर्थातच विचारलं, ९६ ला काय किंमत? पण त्यांनीच मग नियम शोधून काढला, आणि तो मला आजही या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका वाटतो. तेव्हा बिलबोर्ड सिंगलच्या दोन बाजू वेगवेगळ्या मोजत असे. नोव्हेंबर १९६९ च्या अखेरीस दोन्ही बाजूंना एकत्र एकच क्रमांक देणं सुरू झालं. गाणं पावणेदोन वर्षं उशिरा आलं असतं तर ते 'लेडी मॅडोना'च्या सावलीत विरून गेलं असतं आणि ९६ हा आकडा जन्मालाच आला नसता. वादन तेच, विक्री तीच.

आता नावांचा प्रश्न. सिंगलवर वादकांची नावं नव्हती. सिंगलवर ती नसतच. ते गाणं १९७८ पर्यंत इंग्लंडच्या कोणत्या अल्बमवरही आलं नाही. त्यावर सरोद आशिष खाँची, शहनाई हनुमान यांची, बासरी हरिप्रसाद चौरसियांची, पखावज महापुरुष मिश्रांचा, पेटी रिजराम देसाद यांची, ही यादी पुढे हळूहळू जुळत गेली. नोव्हेंबर १९६८ मध्ये आलेल्या 'वंडरवॉल म्युझिक'च्या वेष्टनावर मात्र हॅरिसनने नावं छापली होती, आणि हे त्याच्या बाजूने मोठ्याने सांगायला हवं, कारण त्या काळी ते कोणी करत नसे. छापली, पण कशी! शिवकुमार शर्मांच्या आडनावाला शेवटी एक जादा 'र' चिकटला आहे. बासरीवर एस. आर. केंकरे आहेत, ते बरोबर आलं. आणि शहनाईवर दोघं: शरद जदेव आणि हनुमान जदेव. शिलाँगवाल्याला त्यात काही वावगं दिसेना. मी म्हटलं, जदेव असं आडनाव मी जन्मात ऐकलं नाही. हे जाधव असणार. लंडनच्या टंकलेखकाने 'एच' खाल्ला आणि एक 'ए' चा 'ई' केला. शर्मांचं जे झालं तेच यांचं.

सप्टेंबर २०१४ मध्ये हॅरिसनच्या जुन्या अल्बमांचा संच नव्याने निघाला. शिलाँगवाल्याच्या बहिणीने तो लंडनहून पाठवला. आमच्यात सीडी चालवू शकेल असा दादांचा एकच जुना लॅपटॉप. 'वंडरवॉल'च्या शेवटी 'द इनर लाइट'चं वेगळं, नुसतं वाद्यांचं मुद्रण जोडलं होतं. वाजवण्याआधीचं थोडं बोलणंही त्यात ठेवलं होतं. बाहेर आउटर रिंग रोडवर मेट्रोचं खोदकाम रात्रंदिवस चाले, मुनिरका स्टेशन व्हायला अजून चार वर्षं होती. आम्ही खिडकी लावून, पंखा बंद करून ऐकलं. गायकाचा आवाज काढून घेतला की ते गाणं पाठीमागची बाजू उरत नाही. ते त्या पाच माणसांचं होतं. दादा पुन्हा लावा म्हणाले.

पुनर्मुद्रणावर आमचे तोवर भांडण होतं. दादांच्या मते ही कंपन्यांची जुनी दारू नव्या बाटलीत विकायची युक्ती: तोच अल्बम, दोन जादा तुकडे, तिप्पट किंमत. बरंचसं तसं असतंच. पण पुढच्या वर्षी, जुलै २०१५ मध्ये, लेड झेपेलिनच्या 'कोडा'ची वाढीव आवृत्ती निघाली आणि तिच्यात पुन्हा मुंबई निघाली. १९७२ मध्ये जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते; कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क'मध्ये त्यांनी वाजवल्याची गोष्ट मुंबईचे जुने लोक अजून सांगतात. तेव्हाच विजय राघव राव यांच्या मार्गदर्शनाखाली इथल्या वादकांबरोबर त्यांनी दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. चोरट्या प्रतींतून फिरणारी ती फीत त्रेचाळीस वर्षांनी अधिकृत झाली. वादकांच्या जागी छापलं होतं: 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. झालं. हॅरिसनच्या कंपनीने १९६८ मध्ये नावं चुकवून का होईना छापली; इथे २०१५ मध्ये पूर्ण ताफा एका शहराच्या नावात गुंडाळला. शिलाँगवाला झेपेलिनचा कट्टर. त्या दिवशी तो भिंतीपाशी गेला आणि त्याने झेपेलिनचा एक गुण कापला.

मग त्याने आपलं दुखणं काढलं. "हे निदान इंग्रजांच्या फितीवर होते. आमचे?" सत्तरच्या सुरुवातीला सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी 'सिमला बीट' स्पर्धा भरत. देशभरचे बँड येत, अंतिम फेरी मुंबईत होई, आणि १९७० व १९७१ अशा दोन रेकॉर्डी निघाल्या. त्यांवर शिलाँगचे फेंटोन्स आहेत, मद्रासचे कन्फ्यूजन्स आहेत, बंगळूरचे डायनासॉर्स आहेत. इनरलाइट नावाचाही एक बँड आहे, ते वाचून आम्ही तिघंही थबकलो. भारतात या रेकॉर्डी विसरल्या गेल्या. त्या पुन्हा निघाल्या त्या परदेशात, संग्राहकांसाठी. मुंबईच्या ॲटॉमिक फॉरेस्टचंही तेच. त्यांचं संगीत नव्याने काढलं लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन या कंपनीने. आणि ज्यांची मुळात एलपीच निघाली नाही ते, ह्यूमन बॉन्डेजसारखे, ऐकलेल्यांच्या सांगण्यातच उरले. पुनर्मुद्रण करायला आधी मुद्रण लागतं.

माझ्या बाजूने मी नंदू भेंडे मांडले. आत्माराम आणि आशा भेंड्यांचा मुलगा, वेल्वेट फॉग या बँडचा गायक, अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मधला जुडास. पुढे पु. ल. देशपांड्यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'त, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली, याच आवाजाने मराठी रंगभूमीवर रॉकचा गळा आणला. मराठीत त्याला रॉक कोणी म्हटलं नाही; ते 'पुलंचं नाटक' होतं. १९८२ च्या 'डिस्को डान्सर'मध्ये कृष्णाला धरतीवर बोलावणारं गाणं त्यांचंच, म्हणजे जुडासने कृष्णाला हाक मारली आणि देशभर ती पोचली, गायकाचं नाव न पोचता. एप्रिल २०१४ मध्ये ते गेले तेव्हा आम्ही मुनिरकात होतो. मी वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "आत्माराम भेंड्यांचा मुलगा ना?"

दादांनी शेवटचा प्रयत्न इंडियन ओशनवर केला: दिल्लीचाच बँड, काही आकडा तर मिळेल. पण २०१० मध्ये त्यांनी करोल बागेतल्या आपल्या सरावाच्या घराचा पत्ताच नाव म्हणून दिलेला '१६/३३० खजूर रोड' हा अल्बम इंटरनेटवर फुकट वाटला होता. विक्रीच्या रकान्यात दादांनी शून्य लिहिलं, खोडलं, आणि ती जागा तशीच ठेवली.

जुलै २०१६ मध्ये आम्ही खोली सोडली. त्याच्या आदल्या आठवड्यात शिलाँगवाल्याने भिंतीवरच्या सगळ्या रकान्यांच्या खाली, जिथे जागा होती तिथे, मोठ्या आकड्यांत ९६ लिहिलं आणि पुढे पाच नावं रोमन अक्षरांत. हनुमानपाशी येऊन तो थांबला. छापील आहे तसं लिहायचं की मी म्हणतो तसं? त्याचं म्हणणं, पुरावा वेष्टनाचा आहे, तुझ्या कानाचा नाही. भाषाशास्त्राचा माणूस इतिहासाच्या माणसाला हे सांगत होता. दोन दिवस यावर वाद झाला. शेवटी त्याने जदेव लिहिलं आणि त्याच्या बाजूला मी देवनागरीत जाधव.

मालक चावी घ्यायला वर आले. हुक्का खाली ठेवून ते भिंतीपाशी उभे राहिले, रकान्यांवरून बोट फिरवलं आणि शांतपणे म्हणाले, "बेटा, पुताई के दो हज़ार कटेंगे." दादांनी डिपॉझिटच्या हिशेबात ते दोन हजार तिघांत वाटले.